शेऱ्याचा रकाना

९ नोव्हेंबर

जूनपासून या वहीला हात लावला नाही, त्याबद्दल तिचीच क्षमा मागते. शेवटची नोंद नानांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची आहे. मधल्या काळात काही घडलंच नाही असं नाही, पण रोज तपासायच्या वह्या इतक्या असतात की स्वतःची उघडावीशी वाटत नाही.

आज उघडली, कारण मला भीती वाटते आहे आणि ते नानांना सांगता येत नाही. बारा दिवसांपूर्वी मंडईच्या कोपऱ्यावर एक बेवारस लाल पिशवी सापडली. आत वायरी होत्या, असं पेपरात आलं. बॉम्बशोधक पथक आलं, मंडई रिकामी केली, पिशवी घेऊन गेले. पुढं काय निघालं ते कुणीच सांगत नाही. ‘तपास सुरू आहे’ एवढंच रोज छापून येतं. आदल्याच दिवशी मी त्या कोपऱ्यावर मेथी घेतली होती. तेव्हापासून दाराची कडी दोनदा बघते.

आता ‘सुरक्षित शहर अभियान’ निघालं आहे. घरोघर नोंदणी. काम अर्थातच शिक्षकांकडे. मला शुक्रवार पेठेतली एकशे चाळीस घरं मिळाली, म्हणजे आमची गल्लीसुद्धा. अ‍ॅप उघडत नाही म्हणून तूर्त कागदी फॉर्म. माणसं, वयं, फोन, भाडेकरू, वाहनं, नेहमी येणारे पाहुणे. शेवटचा रकाना ‘शेरा (असल्यास)’.

नानांनी फॉर्म खिडकीपाशी नेऊन नवीन डोळ्यानं वाचला. तहसीलमध्ये अव्वल कारकून होते, कागद पाहिला की अजून ताठ बसतात. पत्र्याच्या डब्यातून जुने कार्बन काढून दिले.

“प्रत ठेवायची. खाडाखोड करायची नाही. आणि लिहून झालं की उरलेल्या जागेत तिरकी रेघ मारायची.”

“नाना, चौथीपासून ऐकतेय.”

“मग आणखी एकदा ऐक. जागा मोकळी सोडलीस की ती तुझी राहत नाही.”

खरं सांगायचं तर काम मिळाल्याचं मला बरं वाटलं. नुसतं घाबरून बसण्यापेक्षा काहीतरी हातात आलं.

१२ नोव्हेंबर

पहिला दिवस. बावीस घरं. सगळीकडे चहा. सारजाबाई खुर्ची पुसून म्हणाल्या, “बाई, ह्ये लिवल्यावर रेशनची साखर वाढंल व्हय?”

“रेशनचं नाही, सुरक्षेचं आहे.”

“म्हंजी आमाला कुनापासून जपायचं, का आमच्यापासून कुनाला?”

सगळे हसले. मीही हसले. आता लिहिताना वाटतं, उत्तर द्यायला हवं होतं.

शाळेत अमरेश सरांनी गठ्ठा दाखवला. त्यांची पन्नास घरं झालीसुद्धा. शेऱ्याच्या रकान्यात सगळीकडे ‘निरंक’.

“सर, पन्नास घरांत काहीच नाही?”

“इंद्रायणीबाई, तुम्ही गणितवाल्या. शून्याची किंमत तुम्हाला मी सांगायची?”

“पण खरंच काही असलं तर?”

“असलं तर ते शोधायला पगारी माणसं आहेत. मला भूगोल शिकवायचा आहे.”

मला हे पटलं नाही. चुकारपणा आहे. मुलांना आपण काय सांगतो? जे दिसलं ते मांडा, मनचं घालू नका, दिसलेलं गाळू नका.

१५ नोव्हेंबर

आज आमच्याच गल्लीत. मडिवाळप्पाकाकांचं घर आमच्यापासून चौथं. रेल्वेत, होटगी जंक्शनच्या केबिनमध्ये नोकरी झाली. निवृत्त झाल्यापासून मंगळवारी आणि शुक्रवारी लोकांचे अर्ज लिहून देतात. फुकट. मैंदर्गी, अक्कलकोटकडची माणसं सतरंजीवर बसलेली असतात. त्यांची मुलगी सृष्टी माझी विद्यार्थिनी.

“बर्री बर्री, कूडरी,” काकांनी नेहमीसारखं कानडीतच या, बसा केलं. “तुम्ही बी अर्ज आणलात की काय बाई?”

मी फॉर्म भरायला घेतला. सतरंजीवर एक माणूस काकुळतीला येऊन बोलत होता. काका त्याला रामहरी म्हणत होते. “माजी पिशवी हाय, तर मागायला भ्यायचं कशाला? सातबारा हाय की त्यात. मोटारीची वायर बी नवी हुती.”

“सुम्म कूडो रामहरी,” काकांनी त्याला दटावून गप्प बसवलं. मग मला म्हणाले, “अर्ज मंगळवारीच रजिस्टर टपालानं गेलाय त्याचा. वस्तू कुठं ठेवली, कधी देणार, एवढंच विचारलंय. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. माहिती अधिकाराचा कायदाच हाय तसा.”

एस.टी.त वगैरे विसरली असावी. माणसं सामान विसरतात आणि काकांना कामाला लावतात.

पाहुण्यांच्या रकान्यासाठी नावं विचारली. काका हसले. “त्यांची नावं त्यांची हैत. मी कशाला देऊ?”

“काका, नुसती नोंद आहे.”

“केबिनमध्ये मी पण नोंदच ठेवत होतो बाई. गाडी आली, गाडी गेली. गाडीत कोण बसलंय ते कधी लिहिलं न्हाई.”

मी शेऱ्यात लिहिलं: ‘मंगळवार व शुक्रवार बाहेरगावचे लोक अर्ज लिहून घेण्यास येतात. त्यांची नावे सांगण्यास नकार.’ ‘नकार’ शब्दापाशी थोडी थांबले. नकारच होता तो. रामहरी हे नाव कानावर पडलं होतं, पण ऐकीव नाव सरकारी कागदात घालणं बरोबर नाही; म्हणून इथं लिहून ठेवते.

काकांची सही घेतली, माझी केली, तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला, “पाणी आलं, पाणी आलं!” पाचव्या दिवशी येतं, तेही पाऊण तास. फॉर्म पिशवीत कोंबून पळत घरी आले. नाना एकटेच बादल्या ओढत होते.

२२ नोव्हेंबर

सगळे फॉर्म जमा केले. अभियानाच्या कार्यालयात समन्वयक गायधनी साहेबांनी बसायला खुर्ची दिली. माणूस सभ्य आहे, आवाज चढत नाही. गठ्ठा चाळता चाळता एका फॉर्मवर थांबले.

“बाई, साडेतीनशे शिक्षकांचं काम पाहिलं. डोळे उघडे ठेवून लिहिलेला हा एक शेरा.”

मी म्हटलं, जे होतं तेच लिहिलं.

“तेच तर हवंय. तिथं कुठल्या भाषेत बोलतात?”

“मराठीत. मध्ये मध्ये कानडी.”

“म्हणजे तुम्हाला कळू नये तेवढं कानडी,” ते म्हणाले आणि हसले.

तसं नाही, ती त्यांची घरचीच भाषा आहे, हे मी रिक्षात बसल्यावर मनात म्हटलं. तिथं का म्हटलं नाही? चहा चालू होता. कौतुकही चालू होतं. मुख्याध्यापकांनी सतरा वर्षांत माझं कौतुक दोनदा केलं आहे, एकदा चुकून.

२ डिसेंबर

प्रशस्तिपत्र आलं. लॅमिनेट केलेलं आहे.

गल्लीत कॅमेऱ्याचा खांब उभा राहिला. संध्याकाळच्या शिकवणीहून येताना आता धाकधूक होत नाही, हे कबूल करते. नाना ओसरीवरून बराच वेळ बघत होते. “त्याचं तोंड रस्त्याकडे नाही. मडिवाळप्पाच्या दाराकडे आहे.”

मी म्हटलं, विजेची तार तिकडून येते म्हणून असेल.

“तारेला तोंड नसतं,” नाना म्हणाले.

८ डिसेंबर

सकाळी आठला मडिवाळप्पाकाकांना नेलं.

रविवार होता. पोलिसांच्या दोन गाड्या. काका दाढी करत होते, एका गालावर साबण तसाच. “दोन प्रश्न विचारायचेत,” असं आलेले सांगत होते. काका म्हणाले, “दोनच हैत तर हितंच विचारा की.” त्यांच्याकडची सगळी कागदपत्रं दोन चादरींत गाठोडी बांधून नेली. सृष्टी अनवाणी गाडीमागं कोपऱ्यापर्यंत गेली. परतताना प्रत्येक दाराकडे बघत होती. दारं लागत होती, एकेक.

आमच्याकडे आली. “बाई, तुम्ही चला ना माझ्याबरोबर. तुमचं ऐकतील.”

मी म्हटलं, “गॅसवर दूध आहे, आलेच.”

गॅसवर दूध नव्हतं. मी आत जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. बाहेर आले तेव्हा नाना चपला घालून तिच्याबरोबर निघून गेले होते. एका डोळ्याला अजून नीट दिसत नाही त्यांना.

त्यांना कुणी आत घेतलं नाही. दुपारी दोनला आले. स्वतःचं ताट स्वतःच वाढून घेतलं.

१० डिसेंबर

पेपरात आहे: ‘जागरूक शिक्षिकेमुळे संशयित ताब्यात, लाल पिशवीचे धागेदोरे शुक्रवार पेठेत.’ माझं नाव नाही, पण शाळेला काय ते कळलं. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, “बाई, तुम्ही अतिरेकी पकडला?” वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी त्यांना बसा म्हटलं, नाही म्हटलं नाही.

अमरेश सर स्टाफरूममध्ये एकटेच होते. त्यांना खुलासा मागणारी नोटीस आली आहे: शंभर घरांत शेरा निरंक कसा? काय लपवलं?

“अभिनंदन, बाई. लिहिणाऱ्याला प्रशस्तिपत्र, न लिहिणाऱ्याला नोटीस.”

“सर, मी खोटं काही लिहिलं नाही.”

“मी कुठं म्हटलं? खोटं लिहिलं असतं तर त्यांना एवढं उपयोगी पडलं नसतं.”

काका आणि ती पिशवी यांचा काय संबंध? अर्ज लिहिणारा माणूस. पण मग मनात येतं, सरकार उगाच कशाला नेईल? दोन्ही वाक्यं एकाच डोक्यात आहेत आणि दोन्ही माझीच आहेत.

१३ डिसेंबर

गायधनी साहेबांनी बोलावलं. जबाब टाइप करून तयार होता. त्याला काकांचा फॉर्म जोडलेला. शेऱ्यात माझी दोन वाक्यं आणि खाली, तशाच निळ्या शाईत, जवळजवळ माझ्याच अक्षरात, तिसरं: ‘दि. २७ ऑक्टोबर रोजी यांपैकी दोन इसम लाल पिशवी घेऊन या घरातून बाहेर पडताना मी पाहिले.’

“हे मी लिहिलेलं नाही.”

“पहिली दोन वाक्यं तुमची?”

“हो.”

“खालची सही तुमची?”

“हो, पण...”

“मग मधलं कुणाचं असेल? बाई, पुष्कळदा आपण घाईत लिहितो आणि विसरतो.” आवाज तसाच, न चढणारा. “शहर घाबरलेलं आहे. लोकांना उत्तर द्यावं लागतं. तुम्ही एक वाक्य नाही म्हटलंत तर उरलेल्या दोनांवर कोण विश्वास ठेवणार? आणि मग एकशे चाळीस फॉर्मांवर? म्हणजे सरकारी कामात खोट्या नोंदी केल्यासारखं होतं. नोकरीची किती वर्षं राहिली?”

मी सांगितलं, बारा.

“वडील दिवसभर एकटे असतात घरात.” हा प्रश्न नव्हता. “एकोणीस तारखेपर्यंत विचार करा. त्या दिवशी मडिवाळप्पाच्या जामिनाची सुनावणी आहे. बरं, तिथं येणाऱ्यांपैकी एखादं नाव कानावर आलं होतं का?”

“नाही,” मी म्हटलं.

हे खोटं होतं. का बोलले मला माहीत नाही. इतक्या दिवसांत सरकारशी बोललेलं हे माझं पहिलं खोटं, आणि ते बोलताना जीभ अडखळली नाही.

उठताना त्यांनी विचारलं, “रोजनिशी वगैरे ठेवता का? शिक्षकांना सवय असते.”

“पाठांच्या टाचणवह्या आहेत,” मी म्हटलं. दुसरं खोटं. की अर्धं?

१४ डिसेंबर

नानांना सगळं सांगितलं. त्यांनी पत्र्याचा डबा काढला. कार्बन प्रती क्रमानं लावलेल्या होत्या. काकांच्या घराची प्रत खिडकीशी धरली. दोन वाक्यं. खाली चार बोटं कोरी जागा.

“रेघ?” त्यांनी विचारलं.

“पाणी आलं होतं.”

नानांनी प्रत उलटी करून ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं. इतर एकशे एकोणचाळीस प्रती मी तपासल्या. सगळ्यांवर रेघ आहे.

मग म्हणाले, “तिसरं वाक्य तुझं नाही, हे कोर्टात सांगता येईल. प्रत आहे. पण आधी पहिल्या दोनांचं सांग.”

“ती खरी होती, नाना.”

“मी खरीखोटी विचारत नाही. पस्तीस वर्षं शेरे लिहिले मी. लिहिण्याआधी बघायचो, हा कागद कुणाच्या टेबलावर जाणार. तू बघितलंस?”

मला वाटत होतं की मी बघितलं होतं. मला सुरक्षित वाटावं म्हणून तो कागद जाणार होता.

१७ डिसेंबर

शाळा सुटल्यावर सृष्टी आली. काकांसाठी डबा घेऊन गेली होती, तसाच परत आणला होता. नानांनी तिला बळंच पोहे खायला लावले.

“बाई, शेरा तुमचा आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे,” ती म्हणाली. “अक्षर ओळखते मी तुमचं. पाच वर्षं लाल शाईत बघितलंय.”

मी काहीतरी म्हणायला गेले. तिनं हात वर केला.

“बाबांच्या अर्जाचं उत्तर बारा तारखेला यायला हवं होतं. अर्जदाराचं नाव त्यांनी स्वतःचं घातलं होतं. दुसऱ्याचं नाव पुढं करायला नको म्हणून. उत्तर यायच्या चार दिवस आधी नेलं.”

“कसला अर्ज?”

तिनं पोह्यांची बशी खाली ठेवली. “बाई, तुम्ही समोर बसला होतात ना? रामहरीमामांच्या पिशवीचा. मंडईतल्या.”

पिशवीत भाकरी होती. शेंगाचटणी होती. सातबारा होता आणि विहिरीवरच्या मोटारीची वायर. रामहरीमामा लघवीला गेले आणि येईपर्यंत तिथं पोलिसांनी दोर बांधले होते. जवळ जाऊन सांगायची छाती झाली नाही, म्हणून काकांकडे आले. ती पिशवी कुणाची आणि आत काय होतं, हे उत्तर कागदावर आलं असतं, तर खांब, फॉर्म, साडेतीनशे शिक्षक, हे सगळं कशासाठी ते सांगावं लागलं असतं. बाबा त्यांना आतासुद्धा नाव सांगत नाहीत, सृष्टी म्हणाली. सांगितलं तर रामहरीमामाच पिशवी ठेवणारा ठरेल.

ती गेल्यावर १५ नोव्हेंबरचं पान काढलं. पिशवी. वायर. सातबारा. सगळं माझ्याच अक्षरात, जसंच्या तसं. मी मुलांना रोज सांगते, दिलेली माहिती आधी एकाखाली एक मांडा, उत्तर समोरच असतं. मी मांडली होती. बघितली नव्हती. मंडईतल्या त्या पिशवीत वायरी आहेत हे मला आधीच ठाऊक होतं ना, मग भाकरी कशी दिसणार?

१८ डिसेंबर

अर्धी रजा टाकली. वकिलांकडे प्रतिज्ञापत्र केलं. त्यात तीन गोष्टी: तिसरं वाक्य माझं नाही, शेऱ्याखाली रेघ मारायची राहिली, ही माझी चूक, आणि नावं न सांगण्यात मला तेव्हाही काही संशयास्पद दिसलं नव्हतं, पण ते वाक्य दुसऱ्याला तसं दिसेल याचा मी विचार केला नाही. वकील म्हणाले तिसरी गोष्ट कायद्याला लागत नाही, गाळू. मी म्हटलं, राहू द्या.

जामीन मिळेलच असं ते म्हणत नाहीत. माझ्यावर गुन्हा दाखल होईल, हे मात्र ठामपणे म्हणाले. त्यांनी विचारलं, या लोकांपैकी कुणाचं नाव तुम्हाला माहीत आहे? मी नाही म्हटलं. कागदावरही तसंच आहे. शपथेवर. हे वाक्य खोटं आहे आणि मला ते बदलायचं नाही. याचा हिशेब पुढं कधीतरी करीन.

संध्याकाळी गायधनी साहेबांचा फोन आला. “बाई, उद्या गडबड करू नका. सकाळी नऊपर्यंत आमची माणसं येतील, सोबत घेऊनच येतील तुम्हाला. घरातले अभियानाचे कागद तपासून ताब्यात घ्यायचे आहेत. वह्यासुद्धा.” मी ‘बरं’ म्हटलं. आता खांबाखाली एकजण मोटारसायकलवर बसून शेंगा खातो आहे.

कार्बन प्रत वकिलांकडे पोचली आहे. आम्ही दोघं सकाळी आठला मागच्या बोळातून कोर्टात जायला निघणार. नानांनी कोट काढून उन्हात घातला होता, निवृत्तीच्या दिवशी घातलेला. “एकोणऐंशीव्या वर्षी मला कसली भीती घालतायत,” म्हणाले. पण संध्याकाळपासून चार वेळा कडी बघून आले.

राहिली ही वही. १५ नोव्हेंबरच्या पानावर ते नाव आहे, त्या भागातली गावंही आहेत. आता १७ तारखेलाही आहे, कारण सृष्टी जे बोलली ते मी लिहिलं. सवय जात नाही. एक ओळ खोडून पाहिली. खोडलेलं आणखी ठळक दिसतं. पानं फाडली तर फाटलेली दिसतील. जाळायची तर आत्ता नको, आमचा बंब पहाटेच पेटतो. अवेळी धूर दिसला तर तो शेंगा खाणारा वर बघेल. एवढ्या वर्षांच्या नोंदी आहेत हिच्यात, आईच्या शेवटच्या आजारपणाच्यासुद्धा. त्याचं वाईट वाटतं. वाटू दे.

खाली उरलेल्या जागेत तिरकी रेघ मारते.

उद्या: पहिली काडी ओढली की ही वही बंबात घालायची.